शिदबानं गावाला काम लावलं

हिंगणटेकडी गावात शिदबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "दूध उतू जातंय का बघा," की हा चुलीपुढे बसून बघायचा. गेलं की हाक मारायचा, "कौसा, गेलं गं!"

गावात पाऊस कमी आणि काम त्याहून कमी. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला जायचं, कौसासुद्धा. शिदबाच्या हाती कोयता द्यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तो घरीच. सहा महिने एकटा कच्च्या भाकरी खायचा आणि रडायचा. खोटं नाही सांगत, हुंदके देऊन रडायचा.

यंदा मात्र गावात रोजगार हमीचं काम निघालं. पाझर तलाव खणायचा होता. शिदबा चौथी पास, तीही दोनदा बसून, पण गावात तेवढाही दुसरा शिकलेला नव्हता. म्हणून तोच मुकादम झाला.

कौसा म्हणाली, "अहो, नीट सांभाळा. काम टिकलं तर मी घरी. नाही टिकलं तर मी उसाच्या फडात." शिदबानं त्याच दिवशी मारुतीला नारळ फोडला.

कामावरचे ओव्हरसियर खरातसाहेब म्हणाले, "शिदबा, तलाव लवकर खणून घे बरं का."

"घेतो की."

शिदबानं मेव्हण्याचं खोदायचं मशीन आणलं. दोन दिवसांत तलाव तयार! चाळीस माणसं घमेली पालथी घालून त्यावर बसली आणि मजा बघत राहिली.

खरातसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, माणसांना काम मिळावं म्हणून तलाव काढलाय! मशीन इथं फिरकू द्यायचं नाही. जे करायचं ते माणसांच्या हातांनी. कळलं?"

"आत्ता कळलं!"

साहेब भला माणूस. खटपट करून त्यानं बांधावर दगड रचायचं आठवडाभराचं काम मिळवलं. तिसऱ्या दिवशी दगड उचलताना सदूबाईला भोवळ आली. कुणीतरी फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. शिदबा हात पसरून आडवा उभा राहिला.

"मशीन चालायचं नाही!"

"अहो, पेशंट न्यायचाय," ड्रायव्हर म्हणाला.

"आम्ही हातांनी नेऊ."

ॲम्ब्युलन्स परत गेली. सदूबाईला बाजेवर घातलं आणि सगळं गाव बाजेला लागलं. दोन मैलांवर वारा लागून म्हातारी उठली. "शिदबा, मी बरी हाय रं. चालते."

"चाला मावशी. पण बाजेला हात लावू नका, तुम्ही आजारी आहात."

रिकामी बाज तालुक्याच्या दवाखान्यात पोचली. मागून सदूबाई चालत आली. इकडे दगड जिथल्या तिथं.

खरातसाहेब ओरडले, "अरे शहाण्या, गाडी आली की माणसाला आधी गाडीत चढवायचं! तो काय म्हणतो ते ऐकत बसायचं नाही!"

"हे आधी सांगायचं ना साहेब!"

आठवडा संपला. आता सगळी भिस्त रस्त्याच्या कामावर होती. सहा महिने पुरेल एवढं काम! ते मंजूर करायला तालुक्याचे मोठे साहेब जीपमधून आले. त्यांनी एक पाय खाली टाकला. शिदबानं त्यांना कमरेला धरून उचललं आणि आत बसवलं.

"अरे, मी पाहणीला..."

"बोलू नका. ड्रायव्हर, ने!"

जीप गेली. मंजुरी जीपमध्येच राहिली.

खरातसाहेबांचा आवाज बसला होता. ते हळू बोलले. "शिदबा, मी त्यांच्या पाया पडतो, मंजुरी आणतो. तोवर एवढंच कर. गाडीतून कुणी उतरलं की हात जोडायचे, काय पाहिजे विचारायचं, आणि मागतील ते हजर करायचं. अजिबात डोकं चालवायचं नाही!"

"नाही चालवत."

साहेब तालुक्याला गेले. चार दिवस गाव पारावर बसून होतं. पाचव्या दिवशी गाडी आली. मोठा ट्रक. साखर कारखान्याचा माणूस खाली उतरला.

शिदबानं हात जोडले. "काय पाहिजे साहेब?"

"तोडीला माणसं पाहिजेत."

"किती?"

"असतील तेवढी."

शिदबानं दारोदार फिरून माणसं गोळा केली. म्हणाला, "चला, खरातसाहेबांचा हुकूम आहे." साहेबांचं नाव ऐकल्यावर कोण नाही म्हणणार? कौसा तेवढी ओरडत होती, "अहो, दोन दिवस थांबा की! मंजुरी येईल! मला नाही जायचं!" तिला शिदबानं स्वतः हात देऊन वर चढवलं. मग बाकीचे चढले आणि ट्रक धुरळा उडवत गेला.

संध्याकाळी खरातसाहेब कागद नाचवत आले. "शिदबा, मंजूर! पूर्ण सहा महिने! बोलाव सगळ्यांना!"

"कुणाला बोलावू? गावात आता बेकार माणूस औषधाला नाही. सगळ्यांना कामाला लावलं."

साहेब मटकन खाली बसले. "अरे, निदान बायकोला तरी ठेवायचंस!"

"वा साहेब!" शिदबा रागावला. "सगळ्यात आधी तिलाच चढवलं. नवरा मुकादम असल्याचा तिला तेवढासुद्धा फायदा नको?"