खारीचा पिसारा

रानातली जनावरं शिमग्याला सोंगं घेत, त्या काळची गोष्ट. त्यांचे पोशाख करंजाच्या झाडावरची शिंपीण शिवायची. पानांना चोचीने भोकं पाडून कापसाच्या धाग्याने टाके घालणारी ती इवलीशी पाखरीण. जनावर जेवढं मोठं, तेवढ्या जास्त अळ्या, असा तिचा भाव होता. अस्वलाला दहा, खारीला एक.

त्या वर्षी खारीला मोराचं सोंग हवं होतं. शिंपिणीने पिसारा शिवला. खार म्हणाली, "पिसांवरचे डोळे जरा दाट हवेत." शिंपिणीने उसवून पुन्हा शिवला. मग तो आखूड वाटला, मग जड. चौथ्या दिवशी पिसारा मनासारखा झाला, तेव्हा खारीने एक अळी पुढे ठेवली.

शिंपिणीची अंडी घालायची वेळ जवळ आली होती आणि घरट्यात चिमूटभरही कापूस नव्हता.

"अळी राहू दे, बाई," ती म्हणाली. "त्यापेक्षा चार दिवस माझ्या घरट्यासाठी कापूस वेच."

"चार दिवस? एवढ्याशा पिसाऱ्याचे?"

"मला शिवायला तेवढेच लागले."

खार कुरकुरत गेली, पण गेली. दुसऱ्याच दुपारी सोललेले पंजे चाटत ती फांदीवर टेकली होती, तेवढ्यात खालून सशाने हाक दिली, "शिंपीणबाई, माझं लहानसंच काम आहे. काय घ्याल?"

शिंपीण बोलायच्या आत खारच म्हणाली, "आधी दिवस किती लागतील, ते विचार."