दुसरी डिस्क

कुडाळच्या एका लोककला संस्थेने दशावतारी कलावंतांची जुनी गाणी संगणकात जपून ठेवली होती. यंत्रणा बसवणाऱ्या मृणाल तिरोडकरने त्यात दोन डिस्क जोडल्या होत्या. एकीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवरही होई, म्हणजे एक बिघडली तर दुसरी हाताशी असे. शिवाय तिसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती वेगळी कपाटात ठेवावी, असं तिने सुचवलं होतं.

"दोन असताना तिसरी कशाला?" म्हणून अध्यक्ष भाऊसाहेब रेगे हसले होते.

पुढे संगणकात जागा करताना भाऊसाहेबांनीच चुकून दिवंगत बाबी मेस्त्रींची सगळी गाणी पुसली. मेस्त्रींची मुलगी शेवंता नेमकी वडिलांचा आवाज न्यायला आली, तेव्हा ते उघड झालं. भाऊसाहेबांनी तिच्यादेखतच मृणालला फैलावर घेतलं.

"दोन-दोन डिस्क बसवल्यात ना? मग दुसरी काय झोपली होती?"

"झोपली असती तर बरं झालं असतं, साहेब," मृणाल म्हणाली. "ती जागी होती. तुम्ही पुसायला सांगितलंत, तिने लगेच पुसलं. तुमचा हुकूम न ऐकणारी एकच डिस्क मी मागितली होती, तीच तुम्ही नाकारलीत."

भाऊसाहेबांची मान खाली गेली. तिसरी डिस्क त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केली.

शेवंताने हळूच विचारलं, "मगे बाबांचो आवाज?"

तिसऱ्या डिस्कसाठी तेव्हाच आपण हट्टाने भांडलो का नाही, हेच मृणालच्या मनात येत राहिलं. ती शेवंताशेजारी जाऊन नुसती बसली.