त्याच जागेवर उभे राहा

हवामानबदलावर लिहिणारे देवस्थळी म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांनी आम्हाला दहा मिनिटं दिली होती. समुद्र आमच्या किनाऱ्यावरच्या बारा घरांच्या उंबऱ्याशी आला होता, आणि पेपरात आल्याशिवाय बंधाऱ्याची फाइल हलणार नव्हती. त्यातलं एक घर हरकूमावशींचं, म्हणून त्या सोबत आल्या होत्या. जिन्यात मी त्यांना म्हटलं, "मावशी, आत तुम्ही काही बोलू नका हं." खरं तर त्यांच्या पदराला येणाऱ्या सुक्या मासळीच्या वासाची मला लाज वाटत होती.

बातमीचे पाच विषय मी टाइप करून नेले होते. पहिलाच वाचायला लागले तोच देवस्थळींनी टेबलावर पेन आपटलं. मी दचकले आणि कागद खाली पडले.

"तुमचं गाव मी दहा वर्षांपूर्वीच केलंय," म्हणत त्यांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यात ते बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीला टेकून उभे होते. "पुरस्कार आहे त्याला. आता नवीन काय, ते एका वाक्यात सांगा."

मी खाली पडलेले कागद उचलून चाळू लागले.

मावशी उठून फोटोपाशी गेल्या. "ही वलांडी माझीच. साहेब, त्याच जागेवर उभे राहून परत एक फोटो काढा. पोहता येतं ना तुम्हाला?"

देवस्थळींनी वही उघडून मला विचारलं, "उद्या भरती किती वाजता आहे?"

माझ्या पाच कागदांत ते कुठेच नव्हतं.

"सर, मावशींना विचारा," मी मान खाली घालून म्हटलं. "त्या बोलतील."