रॅशवर्थचं उशिराचं पाऊल

अंगणात पाय ठेवण्याआधी मोबाइल त्या वेताच्या टोपलीत टाका, मंडळी. परत मिळतील. रॅशवर्थमध्ये मोबाइल चोरून कुणी श्रीमंत झालेलं नाही. पण इथला रिवाज आहे, आणि इंग्लंडात आलात म्हणून रिवाजातून सुटलात असं होत नाही.

ही समोरची जुनी कापडगिरणी. वर आता फ्लॅट झालेत, खिडक्यांत कुंड्या आल्यात. मागून कालवा वाहतो. आणि मधलं हे दगडी फरशीचं अंगण. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी इथे माणसं जमतात आणि नाचतात. गाणं नाही, बाजा नाही, स्पीकर नाही, नुसते पाय. नवे भाडेकरू पहिल्या वर्षी खिडकीतून बघतात आणि त्यांना वाटतं, एवढ्या सगळ्यांचे गुडघे एकदम गेले की काय! कारण चार पावलांतलं तिसरं पाऊल सगळ्यांचंच जरा उशिरा पडतं. ते का, याची हकिकत गावात सांगतात ती अशी.

इचलकरंजीचे रेंदाळकर म्हणून एक विणकर इथे मागावर कामाला आले. बरोबर बायको, पाच वर्षांचा गजानन आणि कडेवरची हेमलता. फाटकाजवळचं ते बुटकं घर त्यांचं. गजाननाला तिकडेच पोलिओ झाला होता, उजवा पाय लुळा. आई रोज देवापुढे हेमलतेचे हात जोडून घ्यायची आणि म्हणायची, दादाचा पाय सरळ होऊ दे म्हण. पोरीला बोलता येण्याआधी हे मागणं पाठ झालं. मोठी झाली तरी ती दुसरं काही मागायची नाही, असं तिची आईच सांगायची.

शाळेत गजाननाचा गॅझ झाला. इकडे गजानन म्हणायला कुणाची जीभ वळणार! त्याला नाद लागला ड्रमचा. मोठा ड्रम पायाने वाजवायचा असतो, आणि हा पठ्ठ्या तो उजव्याच पायाने वाजवायचा. मास्तर म्हणाले, डावा वापर. हा म्हणाला, डाव्याला बाकीची कामं आहेत. तो लुळा पाय पहिला ठोका मारायचा, दुसरा मारायचा, आणि तिसऱ्याला दमून किंचित मागे राहायचा. मग चौथ्याला पुन्हा वेळेवर हजर.

गिरणी बंद पडली, गोदाम रिकामं झालं. गॅझ, त्याचा मित्र कार्ल आणि हेमलता यांनी बँड काढला. कार्ल गिटार वाजवून गायचा, हेमलता कीबोर्डवर. बँडचं नाव सेकंड शिफ्ट. गोदामाचा मालक फक्त रविवारी दुपारी किल्ली द्यायचा, म्हणून यांचा नाच दुपारचा. कार्लने एक नियम घातला होता: गोदामात कुणी टेपवर काही उतरवून घ्यायचं नाही, ज्याला ऐकायचंय त्याने यायचं. सगळ्यांनी तशी शपथच घेतली होती म्हणे.

तेव्हा इकडे पोरांचे दोन पंथ होते. गिटारची गाणी ऐकणारे गिटारवाले हाताची घडी घालून एका भिंतीला, क्लबच्या तालावर नाचणारे दुसऱ्या भिंतीला, आणि मध्ये कुत्रं फिरेल एवढी जागा. गॅझने वाजवायला सुरुवात केली की तिसऱ्या ठोक्यासाठी पाय उचलून थांबावं लागे. ठोका यायचा नाही, यायचा नाही, आणि यायचा. त्या थांबण्यात अख्खं गोदाम एका पायावर असायचं. शेजारच्याला धरल्याशिवाय तोल राहत नसे. असे ते दोन पंथ मध्ये येऊन एकमेकांचे खांदे धरून नाचायला लागले.

पुढे तर काय विचारता! ढगळ पँटी, डोळ्यांवर ओढलेल्या टोप्या, बसच्या बस भरून पोरं यायला लागली. रेंदाळकरकाकू खिडकीतून बटाटेवडे द्यायच्या, आणि ज्यांनी जन्मात मिरची चाखली नव्हती ती पोरं डोळे पुसत दुसरा मागायची. गिरणी गेल्यापासून मान खाली घालून चालणारं गाव पुन्हा वर बघायला लागलं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, ज्याला शाळेत खेळायला कुणी घेत नव्हतं तो गजानन, अख्ख्या गावाला आपल्या चालीने चालवत होता.

मग लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. बँडला एक यंत्र दिलं. ड्रमचा तुकडा त्यात घेतला की ते यंत्र तोच तुकडा हवा तितका वेळ वाजवत राही. गॅझने मनापासून वाजवलं, हेमलतेने तो तुकडा फ्लॉपीवर साठवला. लंडनवाल्याने ऐकलं आणि म्हणाला, तिसरा ठोका वाकडा आहे, क्लबात दुसऱ्या गाण्याला जोडता येणार नाही, सरळ करा. कार्लने मान डोलावली. त्याला रेकॉर्ड हवी होती. पण हेमलतेला सक्ती कुणी केली नव्हती, हे लक्षात ठेवा.

गॅझ त्या दुपारी पायाचा पट्टा बदलायला हॉस्पिटलात गेला होता. हेमलता एकटी यंत्रापुढे बसली. तिसरा ठोका पडद्यावर तिला दिसत होता, जरा मागे राहिलेला. बटण दाबलं की तो पुढे सरकत होता. तिने तो अगदी जागेवर आणून ठेवला. लहानपणापासून जे मागत आली ते आज आपल्या हातून झालं, म्हणून तिला रडू आलं म्हणे, आनंदाचं. आणि त्या आनंदात तिने तो त्याच फ्लॉपीवर, त्याच नावाने साठवला. जुना पुसला गेला. दुसरीकडे कुठे तो नव्हताच, कारण शपथ सगळ्यांनी पाळली होती.

संध्याकाळी दादा आला तेव्हा तिने त्याला ऐकवलं. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"हेमा, यात मी कुठाय गं?"

"हा तूच की, दादा. बरा झालेला."

तो हसला. छान झालंय म्हणाला. ड्रमच्या काठ्या उचलल्या आणि आत जाऊन झोपला. तिला त्या रात्री काहीच कळलं नाही. पुढच्या रविवारी ड्रमपुढची खुर्ची रिकामी राहिली तेव्हा कळलं. काय बोललो आपण हे एकदा कळल्यावर तिला दुसरं काही सुचेना.

रेकॉर्ड खूप गाजली. गोदामातही यंत्र वाजायला लागलं. पण पोरं सवयीने पाय उचलून थांबायची आणि ठोका आधीच पडून गेलेला असायचा. धक्के लागायचे, पाय तुडवले जायचे. थांबणंच गेलं, तर खांदा कशाला धरायचा? हळूहळू गिटारवाले आपल्या भिंतीला गेले, नाचणारे आपल्या. मागून नशेच्या गोळ्या विकणारे आले, मारामाऱ्या आल्या, मालकाने कुलूप लावलं. लंडनवाला दुसऱ्या गावाला दुसरा बँड शोधायला गेला. जेमतेम दोन उन्हाळ्यांचं वैभव ते.

गॅझ बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायला लागला. बहिणीशी भांडला नाही, अबोलाही धरला नाही. जेवताना मीठ मागायचा, हवेपाण्याचं बोलायचा. ड्रमचं नाव तेवढं काढायचा नाही. हेमलता मात्र त्याच्या मागेच लागली: एकदा वाजव दादा, एकदाच. शेवटी तो म्हणाला, मालक जागा देत असेल तर वाजवीन. तिने मालकाकडे इतक्या खेपा घातल्या की तो म्हणाला, गोदाम नाही, अंगण घे, सप्टेंबरचा शेवटचा रविवार. तिने येऊन सांगितलं तेव्हा गॅझने माळ्यावरून ड्रमच्या काठ्या काढल्या म्हणे. 'बघू आता पाय किती दमतो' म्हणून तो हसला, आणि इतक्या दिवसांनी ती त्याला हसताना बघत होती.

त्या आठवड्यात त्याला न्यूमोनिया झाला. पोलिओने त्याची छातीही मुळातच दुबळी. गुरुवारी तो गेला.

रविवारी माणसं आली. कित्येकांना माहीतही नव्हतं. हेमलतेने ड्रम अंगणात मांडला, काठ्या वर ठेवल्या. कार्लने घरातून वायर ओढून यंत्र लावलं आणि म्हणाला, निदान हे तरी वाजवू. तो सरळ ठोका सुरू झाला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, घड्याळासारखा. हेमलता उठली आणि तिने वायर उपटली.

मग बेकरीतली मॉरीन, अंगावर तसाच पिठाचा एप्रन, तिने पाऊल टाकलं. एक, दोन, आणि पाय उचलून थांबली. शेजारच्या माणसाने तिला खांदा दिला. हळूहळू सगळं अंगण चालायला लागलं, आणि शेकडो पायांनी तिसरं पाऊल बरोबर तेवढंच उशिरा टाकलं. आलेली माणसं उपाशी जाऊ नयेत म्हणून रेंदाळकरकाकू सुतकातही खिडकीत वडे तळत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "गजू आला."

हेमलता धावत त्या घोळक्यात शिरली. तिने एका बाजूने कार्लचा खांदा धरला, दुसऱ्या बाजूने मॉरीनचा. पण ती सगळी वर्षं कीबोर्डमागे उभी होती, दादाच्या तालावर कधी नाचलीच नव्हती. सगळ्या गावाच्या पायांत तो होता, फक्त तिच्या नव्हता.

तेव्हापासून हा रिवाज. मोबाइल टोपलीत का, ते आता कळलं असेल. तो ठोका इथे पायाकडून पायाकडेच जातो. नव्या माणसाला कुणीतरी खांदा देतं, आणि दोन-तीन फेऱ्यांत त्याला तो जमतो. तुम्हालाही जमेल, काळजी करू नका.

फक्त एक सांभाळा. आजही सगळे पाय वर थांबलेले असतात तेव्हा एक पाऊल आधीच, अगदी वेळेवर, फरशीवर पडलेलं ऐकू येतं. कोण चुकलं म्हणून वळून बघू नका. पांढऱ्या केसांच्या त्या बाई दर वर्षी शिकायला येतात. त्यांना आम्ही सगळ्यांनी शिकवून पाहिलंय.