चिचुंद्रीबाई आणि बारावा बिल्ला

एक होती चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. तिला दिसायचं कमी आणि तिचा वास यायचा फार! तिचं एक पिल्लू होतं. अंगठ्याएवढं.

शहराच्या पोटात मेट्रोचा बोगदा चालला होता. बोगदा कोण खणत होतं? एक भलंमोठं यंत्र. सगळे त्याला म्हणायचे लोखंडी घूस. घूस माती खायची, घर्र घर्र घर्र! माती पट्ट्यावर पडायची. पट्टा पळायचा, सर्र सर्र सर्र!

थोडं खणलं की घूस थांबायची. मग माणसं बोगद्याला काँक्रीटचं कडं घालायची, म्हणजे वरची माती खाली येत नाही. कड्याचे तुकडे सहा. सहावा बसला की घूस पुन्हा फिरायची.

आज घूस थांबली होती. पिल्लू हळूच आत शिरलं. पट्ट्यावर चढलं. आणि त्याची शेपटी पट्ट्यात अडकली!

"आई! चूं चूं!"

चिचुंद्रीने शेपटी ओढली. निघेना. पुन्हा ओढली. निघेना!

"पट्टेदादा, पट्टेदादा, पळू नकोस! तू पळालास की माझं पिल्लू जाईल!"

पट्टा म्हणाला, "माझ्या हातात काही नाही, बाई. घूस फिरली की मी पळणार."

धप्प! कड्याचा एक तुकडा बसला.

चिचुंद्री निघाली घुशीकडे. भिंतीच्या कडेकडेने, तुरुतुरु तुरुतुरु.

"घूसबाई, घूसबाई, फिरू नकोस! तू फिरलीस की पट्टा पळेल, पट्टा पळाला की माझं पिल्लू जाईल!"

घूस म्हणाली, "माझ्या हातात काही नाही, बाई. काकांनी बटण दाबलं की मी फिरणार."

धप्प! दोन तुकडे बसले.

घूस चालवणारे सर्जेरावकाका खोलीत बसले होते. समोर बटणंच बटणं. चिचुंद्री निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका, बटण दाबू नका! बटण दाबलं की घूस फिरेल, घूस फिरली की पट्टा पळेल, पट्टा पळाला की माझं पिल्लू जाईल!"

काका म्हणाले, "माझ्या हातात काय न्हाई, बाई. ताई हो म्हणाल्या की मी बटण दाबणार."

धप्प! तीन तुकडे बसले.

इंजिनीअर अफसानाताई बोगद्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात फोन. चिचुंद्री पळाली, तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. थांबली नाही.

"ताई, ताई, हो म्हणू नका! ताई हो म्हणाल्या की काका बटण दाबतील, बटण दाबलं की घूस फिरेल, घूस फिरली की पट्टा पळेल, पट्टा पळाला की माझं पिल्लू जाईल!"

ताई म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही गं, बाई. मामांचा फळा जुळला की मी हो म्हणणार."

धप्प! चार तुकडे बसले.

फळा होता वर. जिना उंच. चिचुंद्री एकेक पायरी चढली. टुण, टुण, टुण!

वर भिवामामा. त्यांच्यामागे फळा. फळ्यावर खुंट्या. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला खुंटीला लावायचा. बाहेर येताना काढायचा. जेवढे बिल्ले, तेवढी माणसं आत. दोन्ही आकडे सारखे आले की फळा जुळला!

"मामा, मामा, फळा जुळवू नका! फळा जुळला की ताई हो म्हणतील, ताई हो म्हणाल्या की काका बटण दाबतील, बटण दाबलं की घूस फिरेल, घूस फिरली की पट्टा पळेल, पट्टा पळाला की माझं पिल्लू जाईल!"

मामांनी नाक मुरडलं. "शी! कसला गं हा वास? तुझ्या पिल्लाचा बिल्ला कुठाय?"

"बिल्ला नाही हो त्याला."

"मग ते आत नाहीच! खुंटीवर जे लटकलं, ते आत. खुंटीवर नाही, ते आत नाही. आपला नियम आहे."

धप्प! पाच तुकडे बसले.

आता काय करायचं? चिचुंद्रीला रडू आलं. खालून बारीक आवाज आला, "आई! चूं चूं!"

धप्प! सहावा तुकडाही बसला!

मामांचा फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग! ताई म्हणाल्या, "मामा, आत माणसं अकरा. तुमचे बिल्ले किती?"

मामा बोट लावून मोजू लागले. "एक, दोन, तीन..."

चिचुंद्रीने वर पाहिलं. एक खुंटी रिकामी होती! तिने फळ्याच्या चौकटीवर नखं रोवली. चढली. घसरली. पुन्हा चढली.

"...सात, आठ, नऊ..."

तिने खुंटी गच्च धरली. आणि लटकली!

"...दहा, अकरा... बारा? अरे! हा बिल्ला मऊ कसा?"

"मी आहे मामा! माझ्या पिल्लाचा बिल्ला मी! खुंटीवर जे लटकलं, ते आत!"

मामा बघतच राहिले. नियम त्यांचाच होता. मग फोनमध्ये केवढ्यानं ओरडले, "ताई, थांबा! बारा आहेत! बारा!"

मग काय झालं?

फळा जुळला नाही. ताई हो म्हणाल्या नाहीत. काकांनी बटण दाबलं नाही. घूस फिरली नाही. पट्टा पळाला नाही. आणि पिल्लू गेलं नाही!

"बारावा शोधा!" ताई म्हणाल्या. "सापडेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही."

सगळे शोधू लागले. इकडे बघ, तिकडे बघ. सर्जेरावकाकांनी पट्ट्यावर बॅटरी मारली.

"चूं चूं!"

"आरं देवा! ह्यो बघा बारावा!"

काकांनी पट्टा अलगद उचलला. शेपटी सुटली, सुळ्ळकन! पिल्लू काकांच्या हेल्मेटमध्ये बसून वर आलं.

मामा म्हणाले, "सोड गं बाई, आता खुंटी सोड."

चिचुंद्रीने खुंटी आणखी गच्च धरली. "आधी त्याला खाली ठेवा. मला बघू द्या."

काकांनी पिल्लू खाली ठेवलं. चिचुंद्रीने नाक पुढे केलं. हुंग, हुंग. आपलंच पिल्लू! तेव्हा तिने खुंटी सोडली. टप्प!

काका परत आत गेले. मामांनी पुन्हा मोजलं. बिल्ले अकरा. आत माणसं अकरा. फळा जुळला, ताई हो म्हणाल्या, काकांनी बटण दाबलं, घूस फिरली घर्र घर्र, पट्टा पळाला सर्र सर्र!

आणि पिल्लू? ते आईच्या कुशीत ढाराढूर झोपलं.

मामांनी पत्र्याचा एक इवलासा बिल्ला कापला. त्यावर लांब शेपटी काढली. फळ्याच्या अगदी खाली, पिल्लाचा हात पोचेल तिथे, एक खिळा ठोकला.

पिल्लू आत, बिल्ला वर. बिल्ला हाती, पिल्लू घरी. आणि आपली गोष्ट झाली पुरी!