देवीचा उजवा हात

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका गावात आवडी नावाची बाई राहत होती. तिला एक मुलगी होती, शेवंती. चार वर्षांची झाली, हसायची, नाचायची, पण एक शब्द बोलायची नाही. आवडीच्या घशाखाली घास उतरेना. सासू म्हणायची, बोलेल गं, तिचा बापही उशिराच बोलला, आणि अजून बेताचंच बोलतो. आवडीला ते कळायचं, पण पटायचं नाही. आईचं मन असंच, बरं का.

गावच्या देवळात कौल लावायची रीत होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या नि मनातलं विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवी ‘हो’ म्हणाली, डावी पडली तर ‘नाही’.

कौल लावायचा तो गुरवाने. पण देवी नाही म्हणाली तर गावभर होणार! मग आवडीने काय केलं, एका मंगळवारी गुरव दुपारी जेवायला गेला तेव्हा शेवंतीला घेऊन गुपचूप देवळात शिरली. अबोलीच्या पाकळ्या भिजवून लावल्या नि विचारलं, माझी पोर बोलेल का? टपकन डावी पाकळी पडली.

आवडी रडत घरी आली. मग तिला वाटलं, रिकाम्या हाताने गेले म्हणून देवी रुसली. पुढच्या मंगळवारी खण-नारळाने ओटी भरली. पुन्हा डावी. मग वाटलं, आपलंच काही चुकलंय. आठवडाभर तिने आपल्या चुका शोधल्या. पुष्कळ सापडल्या. शोधायला बसलं की सापडतातच. तिसऱ्या मंगळवारी कडक उपास केला, नाक घासलं. पाकळी डावीकडेच, आणि या वेळी जरा जोरातच पडली. देवी तरी तेच तेच किती वेळा सांगणार?

आवडी मटकन खाली बसली. मग शेवंती उठली नि देवीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, देवीसारखंच दाराकडे तोंड करून. पाकळी पडली होती त्या बाजूचा देवीचा हात तिने धरला.

“आई, देवीचा जेवायचा हात हा.”

आवडीने आधी नुसता आवाजच ऐकला. शब्द कळायला बराच वेळ लागला. तोवर गुरव दारात आला होता. आवडीने त्याला तिन्ही मंगळवारचं सांगून टाकलं.

“आवडे, मला विचारायचं तरी. समोर उभं राहिलं की आपलं डावं ते तिचं उजवं. पहिल्या दिवसापासून ‘हो’च म्हणत होती ती.”

तेव्हा दगडाच्या देवीच्या गालाला खळी पडली म्हणतात.

मग आवडी दर मंगळवारी देवळात जाऊ लागली. मागायला नाही, काही विचारायलाही नाही. हात जोडायची, डोळे भरून यायचे, नि घरी यायची. शेवंती तर बोलायची थांबेचना. सासू म्हणे, आता हिला गप्प करायला कौल लावा. अशी सगळी सुखात राहिली.

आणि तुम्हीही चांगलं बोलता रे, देवीची कृपा. पण आता डोळे मिटा बघू.