चुना भिजवताना

"आग कुणात आहे, बुवा? त्याच्यात की माझ्यात? एवढंच सांगा."

पोफळे मास्तर मठाच्या पायरीवर उभे राहूनच विचारत होते. तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. बसा म्हटलं तरी बसेना.

मास्तरांचा बाप, आण्णा, धाकट्या भावाकडे, विलासकडे, अंथरुणाला खिळलेला. एकदा तोंड दाखवून जा, असा त्याचा निरोप तीनदा आला होता. पण विलासशी दोन वर्षं भांडण चालू. दोष विलासचा निघाला तर मास्तर जाणार नव्हते. बापाचा जीव तिकडे टांगलेला, आणि हे इकडे निकाल मागत होते.

धुळाबुवा भिंतीला लावायचा चुना भिजवायला बसले होते. लोखंडी पिपात कळीच्या चुन्याचे खडे. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. मठातला चेला म्हणून आडावरून मीच ओढून आणल्या होत्या, आणि खांदा ठणकत होता.

"पिपाला हात लाव," बुवा म्हणाले.

"गार आहे."

"बादलीला?"

"तीही गार."

"मग आग कुणात?"

मास्तर हसले. पोरांना हसतात तसं.

"हे मी सातवीला शिकवतो, बुवा. चुनकळी आणि पाणी एकत्र आले की उष्णता बाहेर पडते. ती एकट्या खड्याची नाही, एकट्या पाण्याचीही नाही."

"मग मला काय विचारायला आलास?"

बुवांनी तांब्या पुढे केला. "ओत."

पहिल्या तांब्याला काही झालं नाही. दुसऱ्याला खडे तडकले, वाफ उठली. तिसऱ्याला फसफसून शिंतोडे उडाले, तसे मास्तर तांब्या टाकून चार पावलं मागे.

"का थांबलास?"

"उकळतंय!"

"उकळणारच. अर्ध्यात सोडलं तर जास्त भडकतं. आणि खडे आतून कोरडेच राहतात."

बुवा उठले. लांब उभं राहून एक बादली ओतली, मग दुसरी. पीप खदखदत राहिलं. आता हा माणूस जाईल, असं मला वाटलं. तर तो खाली बसला.

"म्हणजे दोष कुणाचाच नाही?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग दोघांचा?"

"तेही नाही म्हटलं."

"मग जाऊ की नको?"

बुवांनी काठी उचलली.

एवढं शिकून याला साधं कळेना, म्हणून मला राग आला. खरं तर मलाही कळत नव्हतं.

मास्तर खाली बघत म्हणाले, "गेलो की होतंच, बुवा. ओसरीवरच. तो एक बोलतो, मी एक बोलतो. आवाज चढला की मी चपला घालतो आणि निघतो. आण्णा आतल्या खोलीत असतात. तिथवर मी पोचतच नाही."

बुवा लांब काठीनं चुना ढवळत होते. मान वर केली नाही.

"कितव्या तांब्याला?"

"अं?"

"चपला. कितव्या तांब्याला घालतोस?"